बंद पडलेला रीफ टँक पुन्हा लावताना आणि क्वारंटाइनचा दिवा निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातला रीफ टँक, म्हणजे मासे आणि कोरल असलेला समुद्री टँक, बंद पडायला फार काही लागत नाही. बदली होते, घराचं काम निघतं, एखाद्या रात्री वीज जाते आणि सकाळपर्यंत सगळं मेलेलं असतं, किंवा एका नव्या माशाबरोबर रोग शिरतो आणि आठवडाभरात टँक रिकामा होतो. काही महिने गेले की हात पुन्हा शिवशिवायला लागतात. त्या वेळी पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्वारंटाइन टँकच्या, म्हणजे नवे जीव आधी काही दिवस वेगळे ठेवायच्या टँकच्या, दिव्यावर जरा जास्तच लिहिलंय, कारण तिथे लोक एकतर गरज नसताना भारी रीफ लाइट आणतात किंवा गरज असताना घरातल्या ट्यूबलाइटवर भागवतात. उदाहरणं मुंबई-पुण्याकडच्या फ्लॅटमधली आहेत. परदेशात असाल तर पाणी, हवामान आणि कायद्याचा भाग वगळून बाकी सगळं तसंच लागू पडेल.

टँक पुन्हा लावायचा म्हणजे शून्यापासून सुरुवात धरायची का?

टँक कोरडा होता की ओला, यावर ते ठरतं. पूर्ण सुकून काही महिने पडून असेल तर माशांचे परजीवी मेलेले असतात, पण अमोनिया पचवणारे जिवाणूही गेलेले असतात. म्हणजे रोगाची चिंता नाही, पण सायकल, म्हणजे हे जिवाणू टँकमध्ये वाढवणं, पहिल्यापासून करायची. याउलट पंप चालू होता, पाणी होतं, फक्त मासे मेले, तर जिवाणू शाबूत आहेत आणि बहुधा रोगही शाबूत आहे. या दुसऱ्या प्रकारात माणसं फसतात. पाणी स्वच्छ दिसतं, टेस्ट किट सगळं ठीक सांगतं, आणि नवे क्लाउनफिश सोडल्यावर दहाव्या दिवशी अंगावर पांढरे ठिपके दिसतात.

मासे गेले, पण कोरल, शंख आणि कोळंबी जिवंत आहेत. नवे मासे कधी सोडू?

७६ दिवसांनी. हा आकडा जुलमी वाटतो, पण त्यामागे कारण आहे. समुद्री पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, ज्याला सगळे ‘इक’ म्हणतात, तो क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. तो माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांमध्ये साधारण ३ ते ७ दिवस खात बसतो, मग खाली उतरून काच, खडक, शंख अशा कडक पृष्ठभागावर कोष करतो. कोषातून शेकडो पिल्लं निघतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. कोष बहुतेक वेळा महिन्याभरात फुटतात, पण प्रयोगात काही कोष ७२ दिवसांपर्यंत तग धरून राहिल्याची नोंद आहे. ७२ अधिक थोडी पुंजी, असा तो ७६ चा हिशोब.

पाणी २७ अंशांवर ठेवून सहा आठवड्यांत मासे सोडणारेही आहेत, कारण गरम पाण्यात परजीवीचं चक्र वेगाने फिरतं. त्यांचं बहुतेकदा निभावतंही. पण तुमच्याकडे टँग म्हणजे सर्जनफिश येणार असेल तर पूर्ण मुदत पाळा. इकला तो फार लवकर बळी पडतो. या काळात कोरल, शंख, कोळंबी यांना मुख्य टँकमध्येच राहू द्या आणि चिमूटभर खाद्य टाकत राहा, म्हणजे जिवाणूंची उपासमार होणार नाही.

जुना खडक स्वच्छ कसा करू? उकळला तर चालेल का?

उकळू नका. खडकावर पूर्वी झोअँथिड किंवा पॅलिथोआ जातीचे पॉलिप (फुलासारखे दिसणारे छोटे मऊ जीव) असतील तर त्यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं, आणि हे निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक आहे. उकळल्याने ते नष्ट होत नाही, वाफेबरोबर हवेत पसरतं. असा खडक उकळून अख्खं कुटुंब रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. मायक्रोवेव्ह, गरम पाण्याचा जोराचा फवारा, कोरड्या खडकावर तारेचा ब्रश, यांतलंही काही नको. हातमोजे आणि चष्मा घाला आणि खडक ओला ठेवूनच हाताळा.

साफ करायची सोपी रीत अशी: घरगुती ब्लीच घातलेल्या पाण्यात एक-दोन दिवस भिजत ठेवा, भरपूर धुवा, मग अँटिक्लोर म्हणजे हायपो घातलेल्या पाण्यात बुडवा आणि गच्चीवर कडक उन्हात सुकवा. ब्लीचच्या पाण्यात कुठलंही ॲसिड, अगदी व्हिनेगरसुद्धा, मिसळायचं नाही. क्लोरीन वायू निघतो. त्यानंतर मिठाच्या पाण्यात, अंधारात, पंप लावून तीन-चार आठवडे ठेवा आणि फॉस्फेट मोजा. जुना खडक वर्षानुवर्षं शोषलेलं फॉस्फेट हळूहळू सोडतो. पुन्हा लावलेल्या टँकमध्ये हिरव्या केसांसारखं शेवाळ माजतं त्यामागे बहुतेकदा हेच असतं, आणि लोक मात्र दिव्याला दोष देत बसतात.

पण खडक प्रवाळाचाच आहे. कायद्याचं काय?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, खरं तर पहिला विचारायला हवा. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ साली सर्व कठीण प्रवाळ म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया गट, काळं प्रवाळ, ऑर्गन-पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्री पंखे घातले गेले. समुद्री घोडेही त्याच वेळी. संरक्षण फक्त जिवंत प्रवाळाला नाही, मेलेल्या सांगाड्यालाही आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, साइट्स करारात (संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) येणाऱ्या परदेशी प्रजातींसाठी वेगळी अनुसूची आली आणि त्या बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. दुकानदार ‘इम्पोर्टेड आहे, काही होत नाही’ म्हणतो तेव्हा कागद मागा. कागद नसेल तर माल घेऊ नका, कितीही सुंदर असला तरी.

म्हणून या पानावर जो टँक डोळ्यांसमोर आहे तो मऊ कोरलचा: मशरूम, झोअँथिड, लेदर, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप. खडक म्हणून सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे कृत्रिम तुकडे घ्या. पहिले दोन-तीन महिने ते कृत्रिम दिसतात, नंतर त्यांच्यावर गुलाबी-जांभळा थर चढला की ओळखू येत नाहीत. आणि मालवणला स्नॉर्केलिंगला गेलात तर तिथून खडा, शिंपला, काहीही उचलून आणू नका. तो परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

जुनी वाळू, जुनं मीठ, जुने टेस्ट किट वापरू का?

वाळू फेकून द्या. मिठाचा डबा घट्ट बंद होता आणि मीठ अजून मोकळं असेल तर वापरा. पावसाळ्यात दमट होऊन त्याचा दगड झाला असेल तर नको. टेस्ट किटवरची तारीख बघा. हीटर मात्र नवा घ्या. काचेचा जुना हीटर फुटणं किंवा चालूच अडकून राहणं हे टँक उजाड होण्याचं फार नेहमीचं कारण आहे.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल का?

तसंच्या तसं नाही. घरगुती प्युरिफायर माणसांसाठी असतो आणि पाण्याला चव यावी म्हणून त्यात मुद्दाम क्षार परत मिसळलेले असतात. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घालून बघा, बहुतेकदा ३० ते १०० च्या मध्ये काहीतरी येईल. रीफसाठी ते शून्य लागतं. त्याहून वाईट म्हणजे हल्ली बऱ्याच प्युरिफायरमध्ये तांब्याची काडतुसं असतात. तांबं आपल्याला चांगलं असेल, पण कोळंबी, शंख आणि कोरलसाठी ते अगदी थोड्या प्रमाणातही विष आहे. आजीच्या तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणीही त्याच कारणाने नको.

हवं ते आरओ-डीआय युनिट: आरओ पटलानंतर, उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा एक टप्पा जास्त. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर रेझिन भराभर संपतं, तेव्हा आरओ पटल चांगल्या प्रतीचं घ्या. वाया जाणारं पाणी लादी पुसायला वापरता येतं.

समुद्र जवळच आहे. तिथलंच पाणी आणलं तर?

मुंबईच्या किनाऱ्यावरचं पाणी म्हणजे गाळ, सांडपाणी आणि डिझेल. कोकणात खाडीपासून दूर, स्वच्छ जागा सापडेलही, पण पावसाळ्यात क्षारता किती खाली जाते याचा नेम नाही. शिवाय नैसर्गिक पाण्याबरोबर परजीवीही येऊ शकतात. मीठ विकत घ्या: साधारण ३५ ते ३८ ग्रॅम एका लिटरला, आणि क्षारता ३५ भाग प्रतिहजार, म्हणजे विशिष्ट घनता १.०२५ ते १.०२६. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही.

सायकल कशी करू? त्या काळात दिवा लावायचा का?

दिवा बंद. जिवाणूंना उजेड लागत नाही आणि शेवाळाला लागतो, तेव्हा त्याला फुकटची सुरुवात का करून द्यायची?

अमोनियासाठी मेलेली कोळंबी कुजवत ठेवायची गरज नाही. वास शेजाऱ्यांपर्यंत जातो. शुद्ध अमोनियम क्लोराइड घ्या, म्हणजे कल्हईवाल्याकडचा नवसागरच, पण प्रयोगशाळेच्या प्रतीचा. १०० लिटर पाण्याला सुमारे ०.६ ग्रॅम घातलं की अमोनिया २ पीपीएमच्या (दहा लाखांत दोन भाग) आसपास जातो. बाटलीतले जिवाणू ओता, तापमान २६-२७ ठेवा आणि वाट बघा. २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य होऊन त्यापासून बनणारं नायट्राइटही उतरलं की टँक तयार. बाटलीतले जिवाणू ताजे असले तर दोन आठवड्यांत, नाहीतर सहा आठवडेही लागू शकतात.

सायकल चालू असतानाच क्वारंटाइन टँक उभा करा आणि त्याचा स्पंज फिल्टर मुख्य टँकच्या सम्पमध्ये (फिल्टरच्या वेगळ्या टाकीत) ठेवून द्या. तो आपोआप जिवाणूंनी भरतो आणि लागेल तेव्हा उचलून नेता येतो. हे फक्त मुख्य टँक रोगमुक्त असेल तरच.

मुख्य टँकचा दिवा मग कधी सुरू करू?

पहिलं कोरल यायच्या आठवडाभर आधी, दिवसाला चार तासांपासून. मग दर आठवड्याला तासभर वाढवत आठ-नऊ तासांवर थांबा. जुना एलईडी असेल तर त्याच्या भिंगांवर चढलेलं मीठ ओल्या कपड्याने पुसा आणि पंखा फिरतोय का ते बघा. टी-५ नळ्या (बारीक ट्यूबलाइट) असतील तर बदला. वर्षभरात त्यांचा रंग आणि जोर दोन्ही उतरतात, डोळ्यांना ते कळत नाही. तपकिरी धूळ बसायला लागली तर घाबरू नका. ते डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल आहेत, नव्या टँकमध्ये येतात आणि जातात. नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर नेऊन ठेवण्याचा हट्ट मात्र सोडा. नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास असलेला टँक शून्यवाल्यापेक्षा सुखात असतो. शून्यावर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा चिकट, बुडबुडेदार थर येतो आणि तो घालवताना नाकीनऊ येतात.

क्वारंटाइन टँक एक पुरेल की दोन हवेत?

माशांसाठी एक आणि कोरल-शंखांसाठी दुसरा. माशांच्या टँकमध्ये परजीवी मारायला तांब्याचं औषध जातं आणि ते सिलिकॉनमध्ये, नळ्यांमध्ये मुरतं. त्या टँकमध्ये नंतर कोरल ठेवणं म्हणजे जुगार. दोन्ही टँकच्या दिव्यांची गरजही उलटसुलट आहे. माशाच्या टँकमधला दिवा तुमच्या डोळ्यांसाठी असतो, कोरलच्या टँकमधला दिवा म्हणजे कोरलचं जेवण.

जागा नसेल तर आळीपाळीने करा, पण टँक वेगळेच. दुकानात मिळणारी ४०-६० लिटरची साधी काचपेटी दोन्हींना पुरते, मोठा टँग असेल तर मोठी घ्या. मुख्य टँकपासून शक्य तितकी लांब, किमान तीन मीटर, कारण एअर स्टोनच्या तुषारांबरोबरही परजीवी उडू शकतात. जाळी, मग, टॉवेल सगळं वेगळं.

माशांच्या क्वारंटाइनला कुठला दिवा लावू?

पाच-दहा वॉटची पांढरी एलईडी पट्टी, ६५०० केल्विनची. बस. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. खोलीत दिवसा चांगला उजेड येत असेल तर तीही लागत नाही, फक्त थेट ऊन टँकवर पडू देऊ नका.

निळा रीफ लाइट इथे नुसता वायफळ खर्च नाही, तो अडचणीचा आहे. क्वारंटाइनमध्ये तुम्ही मासा न्याहाळण्यासाठी ठेवलेला असतो: कातडीवर ठिपके आहेत का, पर फाटलेत का, डोळा धुरकट झालाय का, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी आहे का. निळ्या उजेडात सगळंच निळसर चमकतं आणि हे काही दिसत नाही. पांढऱ्या उजेडात दिसतं. त्यातही खरी युक्ती म्हणजे हातातली छोटी टॉर्च. खोलीत अंधार करून ती बाजूने, माशाच्या अंगाला समांतर धरा. इकचे दाणे मिठाच्या कणांसारखे सुटे दिसतात. व्हेल्व्हेट, म्हणजे अमायलोऊडिनियम, पिठासारखी बारीक सोनेरी-करडी धूळ उडवल्यागत दिसतो, आणि समोरून बघितलं तर सहज हुकतो. व्हेल्व्हेट झालेला मासा उजेड टाळतो, पंपाच्या झोतात तोंड घालून उभा राहतो आणि कल्ले भराभर हलवतो. असं दिसलं तर ठिपक्यांची वाट बघू नका; तो रोग दोन-तीन दिवसांत मासा नेतो.

वेळ: दिवसाला सहा-आठ तास पुरे. मासा आणल्याच्या दिवशी दिवा लावूच नका. प्रवास करून आलेल्या जीवाला अंधार आणि लपायला पीव्हीसीचा एल्बो, एवढं दिलंत तर दुसऱ्या दिवशी तो खायला लागण्याची शक्यता बरीच वाढते. खोलीतला दिवा आधी लावा आणि टँकचा पाच मिनिटांनी. एकदम लखलखाट झाला की रास आणि डार्टफिश हे मासे उडी मारतात. वर जाळी हवीच. पाठीमागच्या आणि बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद लावलात तर मासा निम्मा शांत होतो.

औषध चालू असताना दिवा बंद ठेवायचा का?

औषधावर अवलंबून. क्लोरोक्विन, नायट्रोफ्युराझोन, मिथिलीन ब्लू आणि टेट्रासायक्लिन गटातली औषधं उजेडात विघटित होतात, तेव्हा ती चालू असताना टँकचा दिवा बंद आणि खोलीतला उजेडही मंद. खाऊ घालताना आणि तपासताना दहा मिनिटं लावला तर बिघडत नाही. तांब्याला उजेडाने फरक पडत नाही. प्राझिक्वान्टेलला, जे कल्ल्यांवरच्या फ्लूक नावाच्या कृमींसाठी वापरतात, उजेडापेक्षा प्राणवायूची काळजी जास्त. ते घातलं की हवेचा पंप जोरात ठेवा.

तांब्यासाठी मोरचूद वापरला तर स्वस्त पडेल ना?

स्वस्त पडेल, आणि मासे मरतील. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी आणलेल्या मोरचुदाची शुद्धता तुम्हाला ठाऊक नसते, आणि सुट्या तांब्याची उपयोगी मात्रा व घातक मात्रा यांत अंतर फार थोडं असतं. माशांसाठी विकलं जाणारं चिलेटेड (दुसऱ्या रेणूला बांधलेलं) तांबं घ्या. त्याची पातळी २ ते २.५ पीपीएम, सलग ३० दिवस, आणि त्या प्रकारचं तांबं मोजणारा टेस्ट किट. पातळी एक दिवसही खाली गेली तर मोजणी पहिल्यापासून. दोन-तीन दिवसांत थोडं थोडं चढवा. रास जातीच्या माशांना आणखी सावकाश. मँडरिन माशाला तांब्यात घालूच नका. क्लाउनफिशच्या अंगावर चिकट पांढरा पापुद्रा सुटत असेल तर तो बहुधा ब्रुकलिनेला नावाचा परजीवी असतो, त्यावर तांबं चालत नाही.

या टँकमध्ये खडक आणि वाळू नको, तांबं शोषतात. नुसती काच, स्पंज, हीटर, पाइप.

कोरलच्या क्वारंटाइनला दिवा किती जोराचा हवा?

कोरलच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं आणि कोरलची बहुतांश ऊर्जा तेच उजेडातून तयार करतं. क्वारंटाइन आठवड्यांचं असतं, त्यामुळे ‘तेवढ्यापुरतं भागेल’ हा विचार इथे चालत नाही. उजेडाचा उपयोगी भाग पार या एककात मोजतात. भर दुपारी उघड्या आकाशाखाली तो सुमारे २००० असतो. मशरूमला ३० ते ८० पुरतो, झोअँथिडला ८० ते १५०, लेदरला १०० ते २००. मोठ्या टँकमध्ये कठीण कोरलला ३०० पर्यंत द्यावा लागतो म्हणून लोक भारी दिवे घेतात. आपल्या २५-३० सेंटिमीटर खोल पेटीला त्याची गरज नाही. साधा ३० ते ५० वॉटचा, निळे-पांढरे दोन चॅनेल असलेला रीफ एलईडी पाण्यापासून २५-३० सेंटिमीटर वर टांगा आणि निम्म्या जोरावर सुरू करा.

कोरल पिशवीतून, अंधारातून आलेलं असतं. त्याला थेट झोताखाली ठेवलं तर ते पांढरं पडू शकतं. पहिल्या आठवड्यात टँकच्या कडेला, तळाशी ठेवा, किंवा दिव्याखाली मच्छरदाणीची जाळी दुहेरी-तिहेरी घडी करून बांधा आणि दर तीन-चार दिवसांनी एक पदर काढा. मंद करण्याची सोय नसलेल्या स्वस्त दिव्यांना ही जाळी फार कामाची आहे. वेळ आठ-नऊ तास, टायमरवर. ‘आज उशीर झाला, रात्री लावून ठेवू’ असं कोरलला चालत नाही. त्याचा दिवस रोज त्याच वेळी उगवायला हवा.

शेवटच्या दोन आठवड्यांत क्वारंटाइनमधला उजेड मुख्य टँकच्या पातळीपर्यंत आणा, म्हणजे हलवल्यावर पुन्हा सवय लावत बसावं लागणार नाही.

पार मीटर परवडत नाही. मोबाइलवर मोजता येईल का?

पांढऱ्या दिव्याखाली अंदाज येतो. लक्स मोजणारं ॲप उघडा, आलेल्या आकड्याला ७० ने भागा. ७००० लक्स म्हणजे जेमतेम १०० पार. निळ्या दिव्याखाली मात्र हा हिशोब साफ कोसळतो. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतात आणि आपल्या डोळ्याला गडद निळा फार कमी दिसतो. कोरलला मात्र ४२० ते ४८० नॅनोमीटरचा तोच भाग सगळ्यात जास्त उपयोगी. मोबाइल ‘अंधार आहे’ म्हणेल आणि कोरल भाजत असेल. अशा वेळी शहरातल्या एखाद्या हौशी माणसाकडून मीटर एका दुपारपुरता मागून आणणं शहाणपणाचं.

हार्डवेअरच्या दुकानातला फ्लडलाइट, गुलाबी ग्रो लाइट, किंवा खिडकीतलं ऊन?

६५०० केल्विनचा पांढरा एलईडी फ्लडलाइट मऊ कोरलला काही आठवडे चालतो. रंग मरगळलेले दिसतील, पण जीव जगेल. गुलाबी-जांभळा ग्रो लाइट जमिनीवरच्या रोपांसाठी लाल लहरींवर जोर देऊन बनवलेला असतो, तो नको. खिडकीतलं ऊन मार्च ते मेमध्ये छोट्या पेटीचं पाणी दुपारपर्यंत ३२ अंशांवर सहज नेईल.

उजेड कमी आहे की जास्त, कोरलकडे बघून कळतं का?

बऱ्यापैकी. उजेड कमी असेल तर झोअँथिडचे देठ लांब होऊन ती दिव्याकडे माना उंचावतात, मशरूम ताटलीसारखं पसरतं, रंग तपकिरीकडे झुकतो. जास्त असेल तर कोरल आकसतं, दुपारी बंद होतं, वरच्या बाजूने फिकट पडतं. लेदर काही दिवस मिटून मेणचट झालं तर लगेच दिव्याला हात लावू नका. ते कात टाकतं, तेव्हा असंच दिसतं. प्रवाह थोडा वाढवा आणि थांबा.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दिवा, प्रवाह, जागा तिन्ही एका संध्याकाळी बदलून कोरल उमललं नाही की कारण कधीच सापडत नाही.

कोरलला किती दिवस वेगळं ठेवायचं? डिप दिला की पुरे ना?

डिपने, म्हणजे कोरल थोडा वेळ औषधाच्या पाण्यात बुडवल्याने, चालते-फिरते किडे पडतात, अंडी पडत नाहीत. म्हणून आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा डिप आणि मधे रात्री टॉर्चने तपासणी. झोअँथिड खाणारे न्यूडीब्रँक (बिनशिंपल्याच्या समुद्री गोगलगाई) झोअँथिडसारखेच दिसतात आणि रात्री बाहेर येतात. एप्टेशिया नावाचा उपद्रवी ॲनिमोन दिसला तर तो तुकडाच काढून टाका. शक्य असेल तेव्हा कोरल त्याच्या प्लगवरून (ज्या छोट्या बैठकीवर ते चिकटवलेलं असतं) काढून नव्या प्लगवर चिकटवा, कारण अंडी, शेवाळ आणि इकचे कोष सगळं त्या जुन्या प्लगवर बसलेलं असतं. कोषांचा धोका पूर्ण टाळायचा तर मासे नसलेल्या टँकमध्ये तेच ७६ दिवस. झोअँथिड कापताना हातमोजे आणि चष्मा, पुन्हा सांगतो.

उन्हाळ्यात या छोट्या टँकचं तापमान कसं आवरू?

एप्रिल-मेमध्ये पुण्यासारख्या कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावर सोडलेला छोटा पंखा दोन-तीन अंश सहज उतरवतो. जुलैत मुंबईत तोच पंखा जवळपास निरुपयोगी, कारण हवा आधीच ओली असते. पंख्याने पाणी उडतं तेव्हा भरपाई साध्या आरओ-डीआय पाण्याने करायची, खाऱ्या नव्हे. मीठ उडत नाही. ४० लिटरच्या पेटीत हे रोज करावं लागतं. दिव्याचे तास दुपारऐवजी संध्याकाळी चार ते रात्री बारा ठेवले तर दिव्याची उष्णताही भर उकाड्यात वाढत नाही, आणि ऑफिसमधून आल्यावर टँक बघायलाही मिळतो.

वीज गेली तर दिव्याचं काय करायचं?

काही नाही. कोरल दोन दिवस अंधारात निवांत राहतं. इन्व्हर्टरवर हवेचा पंप आणि एक वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) टाका.

शॉक लागण्याची भीती वाटते. काय काळजी घेऊ?

भीती योग्य आहे. खारं पाणी उत्तम वाहक असतं आणि क्वारंटाइन टँक बहुधा स्टुलावर, एक्स्टेन्शन बोर्डशेजारी उभा केलेला असतो. त्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवा आणि अर्थिंग खरंच जोडलेलं आहे हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. प्रत्येक वायर बोर्डच्या खालपर्यंत लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडतील. क्लिपवरचा दिवा पाण्यात पडतो, हे गृहीत धरून तो दुसऱ्या दोरीनेही बांधा.

गणपतीला पाच दिवस गावी जायचंय आणि मासे क्वारंटाइनमध्ये आहेत.

मग मासे गणपतीनंतर आणा. आधीच आणले असतील आणि तांबं चालू असेल, तर शेजाऱ्यांना एकच काम सांगा: रोज उडालेलं पाणी खुणेपर्यंत भरायचं. मोजून ठेवलेल्या खाद्याच्या पुड्या एक दिवसाआड. दिवा टायमरवर, आणि तांब्याचा डबा कपाटात कुलपात. उत्साही शेजारी औषधही घालतो.